दर्यापलीकडचं गाऱ्हाणं

ज्या कामाला तारीख नाही ते काम मला सहन होत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या हातात नेमकं तसंच काम ठेवलं.

श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रोस्टेटचा कॅन्सर झाला त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हा रेडिएशन घेतलं, ते पार पडलं आणि आम्ही सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पुन्हा माणसांसारखे राहू लागलो. या आजारात रक्तातलं पीएसए नावाचं एक प्रमाण सतत बघत राहावं लागतं. ते वाढू लागलं की समजायचं, आजार पुन्हा डोकं वर काढतोय. रेडिएशननंतर ते अगदी खाली गेलं होतं आणि खालीच राहिलं होतं. मग एका तपासणीत ते थोडं वर दिसलं, पुढच्या तपासणीत आणखी थोडं. स्कॅन केला, त्यात काही सापडलं नाही. आमच्या डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत, घाई करत नाहीत. त्या म्हणाल्या, आजार कुठेतरी सूक्ष्म रूपात जागा झालाय, पण त्याची चाल मंद आहे. हार्मोन थेरपीचं इंजेक्शन आत्ता सुरू करता येईल, किंवा ठरावीक काळाने रक्त तपासत थांबताही येईल. तुमच्या बाबतीत दोन्ही योग्य आहे, विचार करा आणि सांगा. इंजेक्शनचे त्रासही त्यांनी न लपवता सांगितले. अंगातून अचानक उष्णतेच्या लाटा येतात, थकवा येतो, स्नायू आणि हाडं कमजोर होतात, मन उदास होतं, नवराबायकोतली ओढ कमी होते.

मी विचारलं, "तुमच्या वडिलांना हे असतं तर तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न मी घरूनच लिहून नेला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी मला विचारलंच नसतं."

परत येताना एलआरटीच्या छोट्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी म्हणाले, सोमवारी फोन करून सांगून टाकू, सुरू करायचं. श्रीकांत खिडकीबाहेर बघत म्हणाला, थांबू. मी म्हटलं, कधीपर्यंत? तो म्हणाला, बघू. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'बघू' या शब्दाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. वहीत 'बघू' कुठल्या तारखेखाली लिहायचं?

पुढचे काही आठवडे घर वरवर नीट चाललं होतं. मी ऑफिसला जात होते, तो सकाळी कालव्याकाठी सायकल चालवून येत होता, मुलगी कॉलेजला जात होती. पण जेवताना, कपडे वाळत घालताना, लिफ्टची वाट बघताना, कुठेही आमचं बोलणं त्याच जागी येऊन थांबायचं. मी त्याला लेख वाचून दाखवायचे. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "यातसुद्धा दोन्ही बाजू लिहिल्यात." ते खरंच होतं. एकदा तो म्हणाला, "आज मी आजारी नाहीये. ती सुई टोचली की त्या दिवसापासून होईन." मी म्हटलं, आजार सुईने येत नाही, तो आधीच आहे. त्यावर तो उठून गॅलरीत गेला. खरं सांगायचं तर मला उपचारांची घाई नव्हती, भीतीची होती. काहीतरी सुरू झालं असतं तर माझ्या भीतीला काम मिळालं असतं.

अशा वेळी मला कौलाची आठवण झाली.

मी पुण्याची. आमच्या घरी देवाला नमस्कार करायचा, नैवेद्य दाखवायचा, पण देवाला काही विचारायची पद्धत नव्हती. श्रीकांतचं गाव दक्षिण कोकणात, आणि तिथे ग्रामदेवाला, रवळनाथाला, विचारल्याशिवाय पान हलत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी ते पाहिलं होतं. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे विषय मांडतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. मग सगळे गप्प बसून पाकळीकडे बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. श्रीकांतला सिंगापूरची नोकरी आली तेव्हाही माझ्या सासऱ्यांनी कौल घेतला होता आणि उजवी पाकळी पडल्यावरच आमचं सामान बांधलं गेलं. तेव्हा मी मनात हसले होते. आता मात्र वाटलं, दोन्ही बरोबर असतील तर तिसऱ्याने सांगावं. आणि देवापेक्षा चांगला तिसरा कोण?

गावी मोठे दीर असतात, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तू विचारतेस? पुण्याची बाय?" पण लगेच तयार झाले. गुरवकाकांशी बोलून शनिवारची सकाळ ठरली. व्हिडिओ कॉलवर आम्हाला सगळं दिसेल असा फोन धरायला अण्णा तयार होते. मी सवयीने त्यांना कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं, विषय, वेळ, दुवा सगळं घालून. आमची अनन्या हे बघून, इथल्या सवयीने वाक्याला 'lah' जोडत, म्हणाली, "आई, you cannot project-manage God, lah." मी तिला म्हटलं, देवाला वेळ पाळलेली आवडते.

श्रीकांतला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझं ठरलंच आहे तर विचार." मी तेवढ्यावर पुढे गेले. त्या वाक्यात त्याचा होकार नव्हता हे मला ऐकू आलं नाही.

शनिवारी मी अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, फोन डब्याला टेकवून बसले. श्रीकांतही येऊन बसला. पडद्यावर आधी अण्णांचा अंगठा दिसला, मग देवळाचे लाकडी खांब, मग समईचा उजेड आणि त्या उजेडात तो पाषाण. इतक्या लांबून, तळहाताएवढ्या पडद्यावरसुद्धा, तो पाहिला आणि मी पाठ ताठ केली. पाषाणावर पाण्याने चिकटवलेल्या लाल पाकळ्या होत्या. कुठूनतरी कोंबडा आरवत होता. आमच्याकडे ऊन वर आलं होतं, खालून बसचा हॉर्न ऐकू येत होता, आणि तिकडे अजून सकाळचा गारवा असावा, कारण गुरवकाकांनी खांद्यावरून पंचा घेतला होता.

त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घालतत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," अण्णा म्हणाले. मीही म्हणाले.

"दूर दर्यापलाडी सिंगापुरात ऱ्हवतत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"घरच्या धन्याक दुखणा इला हा, म्हाराजा. औषध आताच घेवचा की थांबाचा, ह्या दोगाय घोवबायल एका मनान तुका इचारतत, म्हाराजा..."

अण्णा म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी म्हणाले. गुरवकाका पुढचं वाक्य बोलेनात. त्यांनी मान वळवून फोनकडे पाहिलं.

"सिंगापूरवाल्यांनो, धन्याचो आवाज इलो नाय. नेट गेला काय?"

"नेट आहे काका," श्रीकांत म्हणाला. "मीच बोललो नाही."

माझे कान तापले. अण्णांच्या हातातला फोन हलला आणि क्षणभर देवळाचं छप्पर दिसलं. गुरवकाका मात्र रागावले नाहीत. उलट हसले, अगदी ओळखीचं हसू, जणू हे त्यांनी पुष्कळदा पाहिलंय. म्हणाले, "मगे कौल कसो लावू? एकाच्या तोंडाचो व्हय देवाक पुरत नाय. तुमचा एकमत होऊ दी, मगे फोन करा. देव खंय पळान जातलो?" आणि त्यांनी देवाला नमस्कार करून, एकेक करत, त्या पाकळ्या हाताने काढून घेतल्या. देवाला प्रश्न विचारलाच गेला नाही.

त्या दिवशी मी श्रीकांतशी फार बोलले नाही. माझी लाज काढलीस, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "देवापुढे खोटं कसं बोलू?" मी फ्रीज साफ करायला घेतला. माझी अशी बरीच उत्तरं फ्रीजमध्ये गेली आहेत. पण काम करताना त्या पाकळ्या डोळ्यांपुढून हलेनात. इतकी सावकाश, न रागावता, कुणाची तरी तयारी नाही म्हणून परत घेतलेली वस्तू मी आधी पाहिली नव्हती. मी असते तर म्हटलं असतं, एक मत दुसऱ्यापेक्षा जास्त अभ्यासलेलं आहे, तेच धरा.

पुढच्या रक्ततपासणीला आम्ही गेलो तेव्हाही आमच्यात तोच अबोला होता. श्रीकांत रक्त द्यायला आत गेला आणि मी बाहेर फाइल मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क चिनी गृहस्थ होते, गळ्यात तो छोटा बॅटरीचा पंखा अडकवलेला. तिथल्या एसीत मी शाल घेऊन बसले होते आणि ते रुमालाने मान पुसत होते. माझं लक्ष गेलेलं पाहून ते स्वतःहून बोलू लागले. त्यांचं इंग्रजी इथलं, तुटक आणि थेट. मी ते मराठीत सांगते.

"हार्मोनचं इंजेक्शन," ते पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हॉट फ्लश. बायकोला पन्नाशीत यायचे तेव्हा मी हसायचो. आता तिची पाळी."

मला हसू आलं. निवृत्त होईपर्यंत ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, असं त्यांनी सांगितलं. मग मी धीर करून विचारलं, सुरू कधी करायचं हे तुम्ही कसं ठरवलंत? मला त्यांच्याकडून एखादा आकडा हवा होता. एखादी कसोटी, जी मला फाइलमध्ये लावता येईल.

ते म्हणाले, "मी ठरवलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता किंवा नंतर, तुम्ही बघा. बायको म्हणाली आत्ता, म्हणून आत्ता. मी भांडलो नाही. चांगला नवरा ना, lah." त्यांनी पुन्हा मान पुसली. "पण मग प्रत्येक वेळी घाम आला की मला तिचा राग यायचा. थकलो की तिचा राग. तिला वाटायचं मी आजारावर रागावलोय. इतके महिने एका घरात, एका टेबलावर जेवून, तिला कळलंच नाही."

मी विचारलं, मग?

"मग एक दिवस ती म्हणाली, नको असेल तर बंद कर, मी काही म्हणणार नाही. तेव्हा मी बंद केलं नाही. औषध तेच, सुई तीच. पण त्या दिवसापासून ती माझी सुई."

एवढ्यात त्यांची बायको दोन कॉफ्या घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतली, वर दोरा बांधलेली, काळी बिनसाखरेची कॉफी. तिने एक पिशवी त्यांच्या हातात दिली आणि काही न बोलता दुसऱ्या हाताने त्यांच्या गळ्यातला पंखा नीट केला, वारा बरोबर मानेवर येईल असा. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा नंबर लागला. त्यांनी मला मान लवून निरोप दिला आणि दोघं आत गेले.

मी बसल्या जागी राहिले. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो एसीमुळे नव्हता. मला गुरवकाकांचं हसू आठवलं. एकाच्या तोंडाचो व्हय पुरत नाय. हजारो मैलांवरच्या देवळात जे वाक्य ऐकून मी फ्रीज साफ करायला निघून गेले होते, तेच इथे एका अनोळखी माणसाने, मी न विचारलेलं, माझ्या शेजारी बसून पुन्हा सांगितलं होतं. त्यांना रवळनाथ माहीत नव्हता आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. हा योगायोग आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी स्वतः योगायोगच म्हणणारी बाई होते. पण त्या खुर्चीवर बसून मला एवढंच वाटलं की कुणीतरी माझ्या मागे मागे इथपर्यंत आलंय आणि मी नीट ऐकेपर्यंत थांबायची त्याची तयारी आहे.

श्रीकांत दंडावर कापूस दाबत बाहेर आला. घरी जाण्याऐवजी आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, बसलो. मी फाइल पिशवीत घातली आणि म्हटलं, "तू सांग. मी मध्ये बोलणार नाही." त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग कपाची कड पुसू लागला.

"रेडिएशननंतर दोन वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरात राहत होतो," तो म्हणाला. "तुला सांगितलं नाही, तू आधीच इतकं करत होतीस. आता कुठे सकाळी सायकलवर बसलो की वाटतं, हे पाय माझे आहेत. परत मिळालंय ते लगेच परत द्यायचं? मी नाही म्हणत नाहीये. मला थोडे दिवस हे वापरू दे."

मी मध्ये बोलले नाही.

मग तो म्हणाला, "आणि एक आहे. मी 'बघू' म्हणायचो ना, ते तुझ्या हातात तारीख जाऊ नये म्हणून. मनातून कधी कधी वाटायचं, कधीच नको. तेही बरोबर नाही. अनन्याचं शिक्षण व्हायचंय. मला तुझ्याबरोबर म्हातारं व्हायचंय." शेजारच्या टेबलावर कुणीतरी वाट्या गोळा करत होतं, त्या आवाजात त्याचं पुढचं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही, पण मी ते पुन्हा सांगायला लावलं नाही. पोचलं होतं.

पुढच्या भेटीत आम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, आणि तो दोघांचा होता: कुठल्या क्षणी तुम्ही आम्हाला म्हणाल की आता थांबू नका? त्यांनी लगेच उत्तर दिलं. वाढीचा वेग बदलला, किंवा स्कॅनमध्ये काही दिसलं, किंवा पीएसए त्यांनी सांगितलेल्या रेषेपलीकडे गेलं, तर सुरू करायचं. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही दोघं वेगवेगळं विचारत होतात." त्या रेषेपर्यंत थांबायचं आणि रेषा आली की वाद न घालता सुरू करायचं, असं ठरलं. आणखी एक गोष्ट मी माझ्यापुरती ठरवली. रिपोर्ट फोनवरच्या अ‍ॅपमध्ये येतो आणि आजवर तो मी आधी उघडायचे, श्रीकांत झोपेतून उठायच्या आत. मी माझ्या फोनवरून त्याचं खातं काढून टाकलं. भीती गेली नव्हती, पण ती आता माझ्या एकटीच्या ताब्यात नव्हती. इथे एक सांगायला हवं. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या म्हणून आम्हाला थांबता आलं. ज्यांना डॉक्टर थांबू नका म्हणतात त्यांनी थांबू नये. माझा देव डॉक्टरांच्या आड येत नाही.

मग आम्ही गावी फोन केला. या वेळी श्रीकांतने केला. कॅलेंडर नव्हतं. अण्णा म्हणाले, "आत्ताच देवळात आहे, थांब." जत्रेची तयारी ठरवायला गावची मंडळी देवळात जमली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गुरवकाका हात धुऊन आले, पाकळ्या लावल्या, आणि मग सभामंडपाकडे तोंड करून ओरडले, "रे, जरा हय येवा. सिंगापूरचा गाऱ्हाणा आसा."

पडद्यावर पावलं दिसली, धोतरं, पँटी, एका आजीच्या हिरव्या काठाचं लुगडं. त्यांतले बहुतेक श्रीकांतला लहानपणापासून ओळखत असतील, काही ओळखतही नसतील. मला तर कुणीच ओळखत नव्हतं. गुरवकाकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." आणि पहिल्याच वाक्याला एवढ्या सगळ्या गळ्यांतून एकदम आवाज उठला, "व्हय म्हाराजा." फोनला तो झेपला नाही. स्पीकर खरखरला, फुटला, आणि तरीही तो आवाज आमच्या हॉलमध्ये भरून राहिला. आतल्या खोलीतून अनन्या बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

गुरवकाका सांगत होते. दर्यापलाडी ऱ्हवतत. धन्याक दुखणा आसा. औषधाची येळ येयपर्यंत धीर धरूचो, येळ इली काय सुरवात करूची, असा दोगांनी ठरवला हा. प्रत्येक वाक्याला तो आवाज येत होता. जी माणसं मघापर्यंत मंडपाच्या बांबूंवरून भांडत असतील ती माझ्या नवऱ्याच्या आजाराला होकार भरत होती, पुन्हा पुन्हा, काही न मागता. मी कुणाला कधी मदतीला बोलावलेलं नाही. घरचं दुखणं मी फाइलमध्ये बंद करून ठेवलं होतं. आणि ते आता देवळाच्या मध्यावर होतं, समईच्या उजेडात, आणि अख्खा गाव त्याच्याभोवती उभा होता.

"दोगाय एका मनान तुका इचारतत, म्हाराजा," गुरवकाका म्हणाले.

माझ्या शेजारून श्रीकांतचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा, मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं असा. "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. दाराशी अनन्या म्हणाली, तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत, आणि तिला ते म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मान्य आसा तर उजवी दी..." गुरवकाकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी सुटली आणि पाषाणावरून घरंगळून खाली आली. कौलाला कधी कधी तासन् तास बसावं लागतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. गुरवकाकांनी ती पाकळी उचलून कपाळाला लावली आणि फोनकडे बघून म्हणाले, "आज म्हाराजाच घाईत हा." मंडप हसला. मी मात्र रडत होते.

पाकळी पाण्याने सुटते, वाऱ्याने सुटते, हे मला कळतं. मी त्यावर काही सिद्ध करू बघत नाही. मला ज्याचं नवल अजून पुरलेलं नाही ते वेगळंच आहे. पहिल्यांदा आम्ही तयार नव्हतो तेव्हा देव थांबला, आणि आम्ही तयार झालो तेव्हा त्याला क्षणाचाही उशीर नको झाला. इतका वेळ देव माझ्या उत्तराची वाट बघत होता आणि मी समजत होते की मी त्याच्या उत्तराची वाट बघतेय.

त्यानंतर श्रीकांतने आपले पाय भरपूर वापरले. त्या महिन्यांत कालव्याच्या दोन्ही काठांना त्याची सायकल पाठ झाली. मग एका सकाळी नाश्त्याच्या वेळी त्याने फोन उघडला, बराच वेळ पाहिलं, आणि फोन उलटा ठेवून पोह्यांवर लिंबू पिळलं. खाऊन झाल्यावर म्हणाला, "रेषा आली. चल, आज फोन करून वेळ घेऊ." मी बशा बाजूला केल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

इंजेक्शनच्या दिवशी मी त्या रसायनशास्त्राच्या सरांना शोधलं. आजही प्रत्येक भेटीला शोधते. त्यांचा दिवस आमच्या दिवसापेक्षा वेगळा असेल. पिशवीतली कॉफी दिसली की मी मनात त्यांना नमस्कार करते. आता श्रीकांतच्या गळ्यातही तसाच पंखा असतो. त्याला घाम फुटतो तेव्हा तो म्हणतो, "हस, हस, तुझी पाळी." आणि मी हसते. त्या घामाचा राग सहसा माझ्यावर येत नाही. येतो तेव्हा तो सांगतो.

आता सकाळी दिवा लावल्यावर मी देवाला कामं सांगत नाही. याद्या अजून करते, त्या स्वयंपाकघरात लागतात. देवापुढे मात्र गप्प बसते आणि आज तो काय मांडतोय ते ऐकायचा प्रयत्न करते. पूर्वी गाऱ्हाणं मी घालायचे आणि होकार त्याने भरायचा. आता तो घालतो आणि होकार मी भरते. माझ्याकडे एवढंच काम उरलंय, आणि त्याला तारीख नाही.

पहिल्या इंजेक्शनला नर्सने सुई हातात घेऊन विचारलं होतं, "रेडी, अंकल?" श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं, शर्ट वर केला आणि हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. नर्सला ती भाषा येत नव्हती, पण तिने मान डोलावली आणि पुढे झाली.